काठावरचा रिपोर्ट

लॅबमध्ये ताईला सगळे ‘डास’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. डास चावून उडून गेल्यावर मग कळतं, तशी तिची सुई. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशी म्हातारी माणसं आणि हातपाय झाडणारी पोरं सरळ तिच्या खुर्चीकडे पाठवली जात. सकाळी सात ते अकरा रक्त काढायचं आणि नंतर मागच्या खोलीत मशीनवर तपासायचं, असं तिचं तेवीस वर्षं चाललं होतं.

तिनं लग्न केलं नव्हतं. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा भाऊ चौदा वर्षांचा होता आणि ती पंचवीसची. त्याला तिनंच शिकवलं, कामाला लावलं, उजवलं. धाकटा गाड्यांच्या काचा बसवायचा. फुटलेली काच काढायची, कडेचा जुना डिंक खरवडायचा, नवी काच अलगद टेकवायची. त्याच्या बायकोला, म्हणजे ताईच्या भावजयीला, मातीचं वेड होतं. ती एका रोपवाटिकेत कामाला होती. माती कालवणं, रोपं कुंडीत बसवणं, फांद्या छाटणं ही तिची कामं. दोघं पहिल्या मजल्यावर राहायची, ताई त्याच इमारतीत तिसऱ्यावर. भावजयीची एक म्हातारी करडी मांजर होती. दिवसभर खिडकीत बसून ती अर्धे डोळे मिटून सगळ्यांकडे बघायची, जणू वह्या तपासतेय. म्हणून तिचं नाव मास्तरीण.

भावजयीला चौथा महिना लागला आणि तिच्या मानेत, कानामागे दोन गाठी आल्या. दोन दिवस अंगात कणकण होती. तिच्या डॉक्टरनं तपासण्यांची यादी लिहून दिली. त्यातली एक टॉक्सोप्लाझ्माची होती. हा एक सूक्ष्म जंतू. मांजरांच्या विष्ठेतून तो मातीत जातो, मातीतून भाजीवर आणि हातांवर येतो. अर्धवट शिजलेल्या मांसातूनही येतो. धडधाकट माणसाला झाला तर चार दिवस गाठ, थोडा ताप, संपलं. पण पोटुशी बाईला तो आयुष्यात पहिल्यांदा झाला, तर वार ओलांडून बाळापर्यंत पोचू शकतो.

रक्त ताईनंच काढलं आणि मशीनवरही तिनंच लावलं. तपासणीचे दोन भाग असतात. एक सांगतो, जंतू पूर्वी कधी येऊन गेलाय का. दुसरा सांगतो, आत्ता नुकता आलाय का. पूर्वीचा काही नव्हता. आत्ताचा आकडा काठावर होता. धड हो नाही, धड नाही नाही. लॅबच्या डॉक्टरबाईंनी खाली सही करून एक ओळ लिहिली होती : तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक.

ताईनं ती ओळ पुन्हा वाचली. महिन्यापूर्वीच एका शिक्षिकेचा असाच काठावरचा रिपोर्ट आला होता. ती बाई काउंटरवरच मटकन खाली बसली. पुढचे तीन आठवडे तिनं धड खाल्लं नाही, घरच्यांनी पोट पाडण्यापर्यंत गोष्टी नेल्या, आणि दुसऱ्या तपासणीत काहीच निघालं नाही. त्या किटची ती खोडच होती, उगाच बोंब मारायची. ताईला भावजयीचा स्वभाव माहीत होता. रोपाचं एक पान पिवळं पडलं तरी जेवण न जाणारी ती. कशाला राईचा पर्वत? तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिनच्या निमित्तानं गुपचूप रक्त काढू, स्वच्छ आलं की विषय संपला.

तिनं ते पान घडी करून लॉकरमध्ये जादाच्या अॅप्रनखाली ठेवलं. बाकीचे कागद घेऊन ती संध्याकाळी भावाकडे गेली.

“सगळं छान आहे. रक्त जरा कमी आहे, गोळ्या चुकवू नकोस.”

“आणि ते मांजराचं, ताई?” भावजयीनं विचारलं. मास्तरीण तिच्या मांडीवरच होती.

“अगं, सगळं म्हणजे सगळं.”

भावजयीनं मांजरीच्या डोक्यावर टिचकी मारली. “ऐकलंस? पास झालीस.”

धाकटा हसला. ताईही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमधून हातमोज्यांचं एक खोकं आणून भावजयीला दिलं. “मातीत काम करताना घालत जा,” एवढंच म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात भावजयीच्या उलट्या वाढल्या आणि ती विश्रांतीसाठी माहेरी गेली. पंधरा दिवस म्हणून गेली, ती सहा आठवड्यांनी परतली. तोवर मानेच्या गाठी विरल्या होत्या आणि गाल भरले होते. मधे लॅबमधलं मशीन बंद पडलं होतं, नवं आलं होतं, कामाचा नुसता ढीग साचला होता. तिच्या डॉक्टरनं तपासण्यांचं विचारलं तेव्हा भावजयीनं सांगितलं, चांगल्या आल्या, नणंदच लॅबमध्ये आहे. डॉक्टरनं मान हलवून तसं लिहून टाकलं. ताईला कागदाची आठवण यायची ती लॉकर लावताना. उद्या काढू रक्त. उद्याचा परवा झाला.

सातव्या महिन्यात एका दुपारी अॅप्रन बदलताना ते पान खाली पडलं. ताईनं उचललं, उघडलं आणि तारीख वाचली. आता तपासलं आणि काही निघालं, तर पहिला प्रश्न येणार, इतके दिवस का थांबलात? नाही तपासलं तर बहुतेक काहीच नसणार. शंभरातल्या नव्वद वेळा नसतंच. तिनं पान पुन्हा अॅप्रनखाली सरकवलं. पहिल्या वेळी तिची चूक झाली होती, मग विसर पडला होता. पण या वेळी ती विसरली नव्हती. हे तिचं तिला पक्कं माहीत होतं.

मुलगी झाली. वजन भरपूर, रडणं खणखणीत. ताईनं तिचे हात, पाय, टाळू सगळं बोटांनी चाचपून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. धाकट्यानं लेकीचं नाव ठेवलं ‘सरकार’. “सरकार उठलं का? सरकारनं आज काय निर्णय घेतला?” आणि सरकारचा निर्णय बहुधा ओला असायचा.

पोर चार महिन्यांची झाली तेव्हा भावजयीच्या लक्षात आलं, की ती खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळते, पण नजर त्याच्यावर ठरत नाही. उजवा डोळा मधूनच नाकाकडे जायचा. शेजारणी म्हणाल्या, लहान मुलांचं असतं तसं, जाईल. धाकटा म्हणाला, “जाईल.” “डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊ. उद्याच,” ताई म्हणाली.

डोळ्याच्या डॉक्टरनं थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, भिंगातून फार वेळ पाहिलं आणि मुलांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग रक्त, मग डोक्याचा फोटो. आठवड्यानं ती चौघं मुलांच्या डॉक्टरच्या खोलीत बसली. भावजयीच्या मांडीवर सरकार, बाजूला धाकटा, दाराशी ताई. डॉक्टर मध्यमवयीन, हळू बोलणारे होते. त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं.

“हा मागचा पडदा. उजव्या डोळ्यात बरोबर मध्यभागी एक जुना डाग आहे. डाव्यात कडेला एक लहानसा, पण तो अजून ताजा आहे. टॉक्सोप्लाझ्मा. पोटात असतानाच झालेला.”

“मध्यभागी म्हणजे?” धाकट्यानं विचारलं. “गाडीच्या काचेला टवका उडतो, तसा? ड्रायव्हरच्या समोर?”

“अगदी तसा. कडेनं दिसेल, समोरचं नीट दिसणार नाही.”

“कडेला असला तर आम्ही भरून देतो. ड्रायव्हरच्या समोर असला तर काच बदलायला सांगतो.” धाकट्यानं चित्रातल्या डागावर बोट ठेवलं. “इथे बदलता येत नसेल.”

“नाही. पण नवे डाग पडू नयेत म्हणून औषध आहे. वर्षभर, रोज. त्यानं रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. डोक्यात दोन बारीक खडे दिसतात, पण पाणी वाढलेलं नाही, ही चांगली गोष्ट. बहुतेक ती चालेल, बोलेल. लक्ष ठेवू.” मग त्यांनी विचारलं, “गरोदरपणात याची तपासणी झाली होती?”

“झाली होती ना,” भावजय म्हणाली. “चौथ्या महिन्यात. चांगली होती. ताईंनीच केली होती.” आणि तिनं मागे वळून ताईकडे बोट दाखवलं.

डॉक्टरनी ताईकडे पाहिलं. कामातला माणूस कामातल्या माणसाकडे बघतो तसं, आदरानं. “अच्छा. मग लागण त्यानंतर झाली असणार. घरात मांजर आहे का? मातीत काम?”

भावजयीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. “दोन्ही,” ती म्हणाली.

“आधी कळलं असतं तर?” धाकट्यानं विचारलं.

“औषध देता आलं असतं. बाळापर्यंत पोचलंच नसतं असं छातीठोक सांगता येत नाही. पण निदान जन्मल्या दिवसापासून आपण मागे लागलो असतो.”

टेबलावर बाळांचं वजन करायचा काटा होता. त्याच्या परातीत कुणाचा तरी छोटा मोजा राहिला होता. ताई त्या मोज्याकडे बघत राहिली. आत्ता बोल, आत्ता, असं ती स्वतःला सांगत होती. डॉक्टरनी औषधांचा कागद पुढे केला आणि सगळी उठली.

त्या संध्याकाळी धाकट्यानं मास्तरणीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि गावाबाहेरच्या टायरांच्या गोदामात नेऊन सोडलं. तिथल्या रखवालदाराला उंदरांचा त्रास होता. डॉक्टरनी सांगितलं होतं, की घरात बसणाऱ्या म्हाताऱ्या मांजरीकडून हे येण्याची शक्यता कमीच, मातीतून आलं असेल, न धुतलेल्या भाजीतून आलं असेल, आता कळायला मार्ग नाही. पण धाकट्याला कुणावर तरी राग काढायचा होता. बायकोला तो चकार शब्द बोलला नाही. तेच जास्त वाईट होतं.

भावजयीनं काम सोडलं. नखं मुळापर्यंत कापली. पोरीला पाजायच्या आधी ती कोपरापर्यंत हात घासायची, मग पुन्हा घासायची, मग टॉवेलमध्ये गुंडाळून तिला उचलायची. पंधरा दिवसांत तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. “अगं, आता हात धुऊन काय होणार?” ताईनं एकदा न राहवून म्हटलं. “बैल गेला नि झोपा केला, माहितीये मला,” भावजय म्हणाली आणि नळ तसाच चालू ठेवला.

ताईनं स्वतःला कामाला जुंपलं. औषधाच्या गोळ्या ती कुटून द्यायची, पाण्यात कालवून बिनसुईच्या पिचकारीत बरोब्बर मापानं भरायची. दर सोमवारी लॅबला जायच्या आधी सरकारच्या टाचेतून रक्त काढायची. टाच आधी कोमट फडक्यानं शेकायची, मग एकच टोचा. पोर दचकायची, रडायला तोंड उघडायची, तोवर काम झालेलं असायचं. भावजय प्रत्येक वेळी म्हणायची, “ताई, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं?” ताई कापसाचा बोळा टाचेवर दाबून धरायची आणि मान वर करायची नाही. काहीबाही बहाणा करून जेवायला थांबायची नाही. वजन चार किलोंनी उतरलं. लॅबमधल्या मुली म्हणाल्या, डासाला रक्त मिळत नाही वाटतं हल्ली. ती त्यांच्याबरोबर हसली.

असे सहा आठवडे गेले. एका रविवारी दुपारी भावजय वर आली. सरकार खाली बापाजवळ झोपली होती. ताई खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या करत होती. भावजय दाराशीच उभी राहिली.

“ताई, तुम्हाला एक सांगायचंय. कधीपासून सांगेन म्हणतेय, पण तोंड होत नाही.”

“बस ना आधी.”

“नको. तुम्ही ते हातमोजे आणून दिले होते ना. मी घातले नाहीत. एक दिवस घातले. फार घाम यायचा, आणि हातमोज्यातून माती कळत नाही, ओली किती, सुकी किती. मी ते खोकं तसंच ठेवलं आणि तुम्हाला सांगत राहिले की घालते.” तिनं भेगाळलेली बोटं मुठीत मिटली. “तुम्ही तेवढं जपलंत. तुम्ही तपासणी केलीत, ती चांगली आली, आणि त्यानंतर मी घाण केली. तुमच्या भावाच्या पोरीचा डोळा मी घालवला. मला माफ करा, ताई.”

आणि ती वाकून ताईच्या पायांना हात लावायला गेली.

ताईनं पाय असे मागे ओढले की खुर्ची पडली. “नको! तू नको. तू काही केलेलं नाहीस.”

“तुम्ही मला बरं वाटावं म्हणून...”

“ऐक. तपासणी चांगली नव्हती.” एकदा तोंड उघडल्यावर शब्द आपोआप येत गेले. “काठावर होती. तीन आठवड्यांनी पुन्हा करा असं लिहिलं होतं. मी तुला दाखवलं नाही. तू घाबरशील म्हणून. मग तू माहेरी गेलीस आणि माझ्याकडून राहून गेलं. सातव्या महिन्यात तो कागद पुन्हा माझ्या हातात आला होता. तेव्हा राहून गेलं नाही. तेव्हा मी मुद्दाम ठेवून दिला.”

भावजय वाकलेली होती, ती सरळ झाली.

“कुठे आहे तो?”

“लॅबमध्ये.”

“उद्या आणा.”

दुसऱ्या दिवशी ताईनं तो आणला. भावजयीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडी उलगडली, दोन्ही बाजू पाहिल्या आणि ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग बोटांवर आठवडे मोजले.

“तेव्हा मी आईकडे होते. गल्लीच्या तोंडाशी लॅब होती, ताई. मी रोज तिच्यावरून फिरायला जायचे. तुम्ही नुसता फोन केला असता.”

“हो.”

“चूक झाली असती तर... चूक कुणाकडूनही होते. माझ्याही हातून रोपं मरतात.” तिचा आवाज चढला नाही. “पण डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही मागे बसला होतात. सहा आठवडे मी हात घासत होते आणि तुम्ही बघत होतात. वरून मला म्हणालात, आता धुऊन काय होणार.”



धाकटा संध्याकाळी वर आला. हातांवर काचेचा काळा डिंक तसाच होता. ज्या बहिणीनं त्याला डबे करून दिले, त्याच्या फिया भरल्या, जी तापात उशाशी बसली, तिच्यासमोर तो कसं उभं राहावं ते न कळल्यासारखा उभा राहिला. शेवटी म्हणाला, “सोमवारचं रक्त आम्ही दुसरीकडे काढू.” आणि जिना उतरून गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर ताईला सोसवलं असतं. या एका वाक्यानंतर ती जमिनीवर बसली, ती काळोख पडेपर्यंत उठली नाही.

लॅबच्या डॉक्टरबाईंनाही तिनं सगळं सांगितलं आणि नोकरी सोडायची चिठ्ठी पुढे ठेवली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली नाही, तो जुना रिपोर्ट मात्र दोनदा वाचला. “खाली सही माझी आहे,” त्या म्हणाल्या. “ओळ लिहिली आणि हात झटकले. त्या बाईच्या डॉक्टरला मी फोन करायला हवा होता. तू गेलीस म्हणून माझी सही पुसली जाणार नाही.” ताईला त्यांनी रिपोर्ट देण्याच्या कामावरून काढलं. सुई तेवढी ठेवली, तीही दुपारच्या पाळीत. पोटुशी बायकांचे काठावरचे रिपोर्ट त्याच दिवशी थेट डॉक्टरांना कळवायचे, असा नियम केला. ताईनं मागच्या दोन वर्षांतले तसले सगळे रिपोर्ट शोधून काढले. अकरा निघाले. तिनं एकेकीला फोन केला. नऊ जणींनी आपापली तपासणी केव्हाच करून घेतली होती. एकीचा नंबर बंद होता. अकरावी म्हणाली, “आता आठवण झाली? पोर चालायला लागलं माझं!” आणि मग सावकाश, “सगळं बरं आहे हो त्याचं,” असंही म्हणाली. ताईनं फोन ठेवला आणि तो बंद नंबर पुन्हा लावून पाहिला.

भावजय एकटीच गोदामात जाऊन आली. रखवालदारानं सांगितलं, मांजर तिसऱ्याच दिवशी निघून गेली, उंदीर काही तिनं पकडला नाही. भावजयीनं आजूबाजूच्या गल्ल्या दोन दिवस धुंडाळल्या. मास्तरीण सापडली नाही. त्यानंतर तिनं हात घासणं थांबवलं आणि रोपवाटिकेत पुन्हा कामाला जायला लागली, सकाळचे चार तास, हातमोजे घालून. पोरीला तेवढा वेळ भावजयीची आई येऊन सांभाळायची.

ताई तिसऱ्या मजल्यावर आणि सरकार पहिल्यावर. पोरीचं रडणं, हसणं, पालथं पडून ओरडणं सगळं जिन्यातून वर यायचं. ताई उतरताना त्यांच्या दाराशी पाऊल हलकं टाकायची. एका सोमवारी धाकटा पोरीला कडेवर घेऊन येताना तिला जिन्यात भेटला. पोरीच्या दोन्ही टाचांना पट्ट्या होत्या आणि दोन्ही टाचा निळ्या पडल्या होत्या. चार-चारदा टोचलेलं दिसत होतं. ताईला वाटलं, हिसकावून घ्यावी पोर.

“टाच आधी कोमट फडक्यानं शेकायला सांग,” ती भिंतीला चिकटून म्हणाली. “पाच मिनिटं. मग एकदाच टोचावं लागतं.”

त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. पुढच्या सोमवारी एकाच टाचेला पट्टी होती.

वर्ष सरलं. औषध बंद झालं. डाव्या डोळ्यातला डाग सुकला, नवा कुठेच पडला नाही. सरकार तेरा महिन्यांची असताना बसायला शिकली, सतराव्या महिन्यात धरून उभी राहिली. उशीर झाला होता, पण डॉक्टर समाधानी होते. उजव्या डोळ्यात जी काही थोडी नजर उरली होती ती मरू नये म्हणून त्यांनी सांगितलं, रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा.

त्याच सुमारास भावजयीची आई आजारी पडली. एका सकाळी भावजय वर आली. वर्षभरात पहिल्यांदाच. या वेळीही ती दाराशीच उभी राहिली.

“मला माणूस पाहिजे. दहा ते बारा. पट्टी लावली की ती ओरबाडते, रडून आकांत करते. शेजारणींना दया येते, त्या काढून टाकतात आणि मला सांगतात, दोन तास होती. तुमची तर दुपारची पाळी आहे सध्या.”

“हो,” ताई म्हणाली. “येते मी.”

“मी काही विसरलेले नाही, ताई.”

“माहितीये.”

“यांनाही विचारलं नाही अजून. विचारेन.” आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला ताई खाली गेली. धाकटा कामावर निघत होता. त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं, “खाऊ डब्यात आहे तिचा,” म्हणाला आणि निघाला. भावजयीनं पोरीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि हातमोजे पिशवीत टाकून तीही गेली.

सरकारनं तारस्वरात रडायला सुरुवात केली. दोन्ही हात पट्टीकडे. ताईनं तिचे हात धरले, गाणी म्हटली, चमचे वाजवले, स्वतःच्या डोळ्यावर हात ठेवून आंधळी झाली. काही उपयोग नाही. पोर रडून रडून काळीनिळी पडली. तेव्हा ताईनं पट्टीची एक कड उचलली. पोर हुंदके देत तिच्या खांद्यावर पडून राहिली. मग ताईनं पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि तिला जमिनीवर सोडलं.

लाल प्लॅस्टिकची वाटी ताईनं तिच्या बरोबर समोर ठेवली. पोरीचा हात वाटीच्या शेजारी पडला. पुन्हा ठेवली, पुन्हा शेजारी. मग पोरीनं तोंड बाजूला वळवलं, कुणाशी कट्टी घेतल्यासारखं, आणि तिरक्या नजरेनं वाटी पाहून झपकन उचलली. ताईनं वाटी दुसऱ्या बाजूला ठेवली. पोरीनं तोंड आणखी फिरवलं आणि ती पकडली. तिसऱ्यांदा तिनं वाटी ताईच्या गुडघ्यावर आपटली आणि स्वतःच हसली. मग टेबलाचा पाय धरून उभी राहिली, हात सोडला, आणि कपाळावर आपटली. ताई उठेपर्यंत दुसऱ्यांदा खुर्चीला धडकली.

बाराला भावजय आली. पोर लाल वाटी डोक्यावर घालून बसली होती.

“दोनदा पडली,” ताईनं आधी तेच सांगितलं. “टेबलाला लागलं. कपाळावर टेंगूळ आलंय, हे बघ, बर्फ लावला. खुर्चीला लागलं ते थोडंच. खाऊ अर्धा सांडला. आणि पट्टी मी मधे उघडली होती. फार रडली म्हणून. दहा मिनिटं.”

भावजयीनं टेंगूळ बोटानं दाबून पाहिलं. “दहा?”

“बारा असतील.”

भावजयीनं पट्टी काढली, तिच्या खुणेवर तेल लावलं आणि पोरीला कडेवर घेतलं. पोरीनं दोन्ही डोळे किलकिले करून आईकडे पाहिलं आणि तिच्या केसांत हात घातला.

“उद्या साडेदहाला उघडायची इच्छा होईल, तेव्हा खिडकीत घेऊन जा,” भावजय म्हणाली. “गाड्या बघते. आणि बारा मिनिटं जास्त ठेवा.”

“ठेवते,” ताई म्हणाली आणि सांडलेला खाऊ पुसायला फडकं शोधू लागली.